सिदाप्पाची मागली दारं

जरा हिकडं सरका आन् कान द्या. आमच्या सिदाप्पा गवंड्याची गोष्ट सांगतो. सपल्यावर मला काय म्हनायचं ते म्हना.

सिदाप्पानं गिळल्याली गोळी अर्ध्या तासानं फुडल्या दारानं चालत घरात यायची. साखरंच्या दुखन्याची गोळी म्हंजी पांढऱ्या सदऱ्यातला किरकोळ मानूस. वहाना उंबऱ्याभाईर काढायचा, फळीवरचा डबा घेऊन मूठभर साखर खायचा, तोंड पुसायचा, आन् दिस कलायच्या आत मागल्या दारानं निघून जायचा. मागं दोन दारं व्हती, शेजारी-शेजारी, सिदाप्पानं सोताच्या हातानं बसवल्याली. अकरा वर्सं असंच चाललं. त्याची बायकू गंगव्वा म्हनायची, "आलं बगा तुमचं साखरखाऊ," आन् चुलीकडं तोंड फिरवायची.

मग मागली दारं बारीक व्हाय लागली. आदी मानूस आडवा हून जायचा. मग मांजरच तेवढं जायाचं. सिदाप्पानं टेप लावला. चार बोटं.

तालुक्याच्या डॉक्टरनं रक्ताचा कागद बघितला.

"अण्णा, दोन्ही किडन्या दमल्यात. गोळी आत येणार, पण तिला बाहेर पडायला वाट नाही. ही आजपासून बंद. दुसरी लिहून देतो."

"बंद कशाला? चांगली लागू पडलीया की."

"लागू पडली नाही, लागून राहिलीय. कालची आत असताना आजची घ्यायची नाही."

सिदाप्पा मान हलवून घरी आला. पन अकरा वर्सांच्या वळखीच्या मानसाला एकदम येऊ नगो म्हनायचं त्याच्या जिवावर आलं. सकाळी त्यानं जुनीच गोळी गिळली. पांढरा सदरा आत आला आन् कालच्याच्या शेजारी बसला. दुसऱ्या दिशी तिसरा. तोंडं समद्यांची यकच.

"कवा निघनार?" सिदाप्पानं इचारलं.

"दार झालं की," तिघंबी म्हनलं.

"तवर?"

"साखर हाय का?"

आठ दिसांत नऊ झालं. दारं बारीक व्हतील तशी भिताडंबी आत येत व्हती. डबा सपला. मग त्यांनी कपातल्या च्याची साखर खाल्ली, च्या तसाच ठिवून. मग ते सिदाप्पाला खेटून बसलं. एकानं त्याचा हात मांडीवर घेतला आन् बोटं चोखाय लागला.

"गोड हाय," त्यो दुसऱ्याला म्हनला. दुसऱ्यानं दुसरा हात घेतला.

भिताड सरळ हाय का बगाय जल्मभर वळंबा धरल्याला हात त्यो, पन लटालटा कापाय लागला.

"अवं, केवढा घाम! न्हाल्यागत झालाय की!" गंगव्वा म्हनली.

"साखर वाढली असंल. गोळी आन."

"डॉक्टर नगो म्हनलाय न्हवं?"

"त्येला भिताड बांधाय येतंय का? आन म्हनतोय तर!"

साखर वाढली न्हवती. सपत आली व्हती. पन अकरा वर्सं त्यानं वाढल्यालीच ऐकली व्हती.

गंगव्वानं गोळी दिली. त्याचा उष्टा च्या तोंडाला लावला, तर निस्ता कडू. साखर तिनंच घातली व्हती, दोन चमचं. तिनं नऊ जनांकडं बघितलं, कप आदळला आन् शेजारनीकडं गूळ आनाय पळाली.

हिकडं सिदाप्पा छिन्नी-हातोडा घेऊन उठला. दार काढनं त्याचा धंदाच. पडत-झडत मागल्या भिताडाला भोक पाडलं, डोकावला. पलीकडं मोकळं परस न्हवतं. पलीकडं त्याचीच फुडली खोली व्हती, आन् उंबऱ्यावर दहावा वहाना काढत व्हता.

हातातली छिन्नी सुटली. खाली पडाय तिला जागाच न्हवती.

गंगव्वा गूळ घेऊन आली ती भाईरच राहिली. दारात नुसत्या पांढऱ्या पाठी. तिनं लिंबाएवढा खडा पयल्याच्या हातात दिला.

"बाबा, तेवढा त्येंच्या तोंडात घाल. लवकर घाल."

"व्हय," पयला म्हनला. त्यानं खडा चाटला आन् फुडं दिला. दुसऱ्यानं चाटला, फुडं दिला.

"अरं चाटू नगा रं मुडद्यांनो! मानूस चाललाय माझा!"

"व्हय," तिसरा म्हनला, आन् चाटला.

सिदाप्पा तिकडं भिताडाला टेकलाय. डोळं अर्धं मिटल्यात, जिभंला गाठ पडलीया, गंगव्वाचं नावबी निघंना. गंगव्वा दारात यकेका पाठीच्या पाया पडतीया. खडा बोराएवढा झालाय. सिदाप्पाचं तोंड अजून दोन मान्सं लांब हाय, आन् त्यातलं अलीकडलं तुमी.

पावनं, हात करा. ह्यो घ्या. चाटू नगा, तेवढा फुडं सारा.