चारशे बारा जण

तीन चिठ्ठ्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या होत्या. चौथी कुठली टाकायची यावर नवरा-बायकोचं अडलं होतं.

जेवणाच्या टेबलावर अजून सात चिठ्ठ्या होत्या. एक चिठ्ठी म्हणजे विकायचं एक घर. तीस वर्षं ते लोकांना घरं विकून देत होते. किल्ल्यांची कापडी पिशवी सदैव खांद्याला, म्हणून त्यांना सगळे किल्लीवाले म्हणत. बायको निवृत्त शिक्षिका. तिला सगळे बाई म्हणत, आणि लग्नानंतर वर्षभरात किल्लीवालेही बाईच म्हणू लागले. चूक झाली की छडीसाठी लगेच हात पुढे करता येतो, असं त्यांचं म्हणणं.

पूर्वी घरं त्यांच्या वहीत असत. ज्याला घर हवं तो वही बघायला येई. आता घरं इंटरनेटवरच्या साइटवर असतात. तिथे नसलेलं घर कुणाला दिसत नाही आणि तिथे ठेवायला भाडं पडतं. यंदा ते भाडं वाढलं होतं. बाईंनी कागदावर हिशेब मांडला. गेल्या वर्षी दोनच व्यवहार झाले. त्यातून या कामासाठी छत्तीस हजार बाजूला निघाले, म्हणजे महिन्याला तीन हजार. फोन आणि इंटरनेटचे सहाशे, फोटो नीट करून खोल्यांची मापं टाकणाऱ्या सॉफ्टवेअरचे चारशे. उरले दोन हजार. साइटवर दहा घरांना बत्तीसशे, सहा घरांना एकोणीसशे. संध्याकाळी सहाच्या आत पैसे भरले नाहीत, तर दहाही घरं साइटवरून उतरणार होती. आणि भलतीच सहा घरं ठेवली, तर पुढल्या वर्षी बाजूला काढायलाही काही उरणार नव्हतं. मग कोपऱ्यावरच्या मोठ्या ऑफिसात, गळ्यात ओळखपत्र अडकवून, दुसऱ्यांची घरं दाखवत फिरायचं.

प्रश्न दोन चिठ्ठ्यांचा होता. एक बसथांब्याजवळचा गाळा. साइटवर साठच जणांनी पाहिलेला, पण त्यातले पाच प्रत्यक्ष येऊन गेले होते. दुसरं शिवणकाकूंचं तीन खोल्यांचं घर, गाडी जात नाही अशा गल्लीतलं. ते चौदा महिन्यांत कुणी बघायला आलं नव्हतं, पण साइटवर त्याच्या फोटोखाली आकडा होता चारशे बारा. दहा घरांत सगळ्यात मोठा. त्या आकड्याच्या भरवशावर किल्लीवाले ते घर यादीत वर दिसावं म्हणून दर महिन्याला तीनशे जास्तीचे भरत होते. बाईंना हे आजच कळलं होतं.

"चारशे बारा माणसांना आवडलेलं घर कसं काढू?" ते म्हणाले.

बाईंनी फोन मागून घेतला. कोणत्या दिवशी किती वाजता पाहिलं, तेही साइटवर कळतं. चष्मा वर ढकलून त्या खाली खाली जात राहिल्या. मग कॅलेंडर काढून बोटांवर काहीतरी मोजलं.

"अहो, ही चारशे बारा माणसं नाहीत. हा एकच विद्यार्थी आहे. रोज सव्वाचारला हजेरी लावतोय. चौदा महिन्यांचे दिवस झाले चारशे पंचवीस. तेरा दिवस गैरहजर, तेही सलग. बाकी एक खाडा नाही."

किल्लीवाले म्हणाले की रोज येऊन बघणारा एक माणूस साठांपेक्षा मोलाचा. त्याचा जीव त्या घरात अडकलाय, फक्त पैसे जुळत नसतील. बाई म्हणाल्या, तसं असेल तर तो मालकिणीपर्यंत पोचला असणार, जाऊन विचारून या. निघताना त्यांनी किल्ल्यांच्या पिशवीच्या फाटक्या तळाला आणखी एक सेफ्टी पिन लावली.

शिवणकाकू आता लेकीकडे राहत, शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर. किल्लीवाले पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. दार लेकीने उघडलं आणि आई आत आहे म्हणून सांगितलं. काकू खिडकीशी शिवणयंत्रापुढे बसल्या होत्या. यंत्रावर कापड नव्हतं. दोऱ्याच्या रिळाला टेकवून फोन उभा केला होता, आणि त्यावर किल्लीवाल्यांनी काढलेला त्यांच्या घराच्या दाराचा फोटो होता.

रोज कोण बघतं, हे किल्लीवाल्यांनी विचारलंच नाही. स्टूल ओढून बसले.

"या भाऊ, बघा," काकू म्हणाल्या आणि बोटाने फोटो सरकवू लागल्या. दार. पुढची खोली. मशीन जिथे होतं तिथे फरशीला पडलेले चार डाग. चौथ्या फोटोवर त्या थांबल्या. "इथं तुम्ही घाई केली. खिडकीत माझी कात्री तशीच राहिलीय. मला वाटलं सामानाबरोबर आली असेल. फोटोत दिसली तेव्हा कळलं."

किल्लीवाल्यांनी मान खाली घातली. फोटोत मालकाची वस्तू राहू द्यायची नाही, हा धंद्यातला पहिला धडा. फोटोखाली आकडा होता चारशे तेरा.

आता बोलायलाच हवं होतं. त्यांनी बत्तीसशे आणि एकोणीसशेपासून सुरुवात केली, मग गाळा, मग पाच माणसं. काकूंनी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.

"काढून टाका, भाऊ."

"तसं नाही काकू, बघणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी..."

"कोण आहेत? माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेरा दिवस फोन बंद होता. परत बघितलं तर आकडा होता तिथंच. तेव्हाच समजले मी." त्या थोडं हसल्या. "लेक सांगत होती, वर ठेवायचे पैसे तुम्ही पदरचे भरता. मला आधी माहीत असतं तर दिवसाआड बघितलं असतं."

किल्लीवाल्यांना हसू आलं. घर माझ्या वहीत राहील, कुणी विचारलं तर मी दाखवीन, एवढंच ते म्हणाले. काकूंचं लक्ष त्यांच्या पिशवीकडे गेलं. त्यांनी ती ओढून घेतली, तळ चाचपला, पिना मोजल्या.

"चार पिना? शिवायला कुणी भेटलं नाही का? लेकीची कात्री नुसती कापड चावते. माझी आणून द्या, मग नवा तळ लावून देते."

परतताना ते आधी त्या गल्लीत गेले. बरेच दिवस बंद असलेलं घर उघडून ते आत गेले. खिडकीत कात्री होती, फोटोतल्यासारखीच, मुठी भिंतीकडे करून. साडेपाच झाले होते. तिथेच उभं राहून त्यांनी फोन काढला. पैसे भरण्याआधी साइटवर काकूंचं घर एकदा उघडलं, सगळे फोटो शेवटपर्यंत बघितले. आकडा चारशे चौदा झाला. चौदा महिन्यांत त्या हजेरीपटावर पहिल्यांदाच दुसरं नाव लागलं होतं. मग त्यांनी गाळ्यासकट सहा घरांवर खुणा केल्या, एकोणीसशे भरले आणि फोन खिशात टाकला.

कात्री उचलली तेव्हा खिडकीच्या धुळीत तिचा स्वच्छ आकार उरला, दोन मुठी आणि दोन पाती. पुसायला त्यांनी सवयीने रुमाल काढला. मग तसाच घडी करून परत ठेवला, आणि दाराला कुलूप लावलं.