सव्वीस धर्मबाप

अन्सेल्मोला कोणालाच नाही म्हणता येत नसे. लग्नाआधी तेन्चाला हा त्याचा गुण वाटायचा. लेक तीन महिन्यांची होईतो ती त्याला खोड म्हणू लागली होती, आणि बाप्तिस्म्याच्या आदल्या दुपारी तर त्याला काय म्हणावं हेच तिला सुचेना.

"आणखी काही जणांना हो म्हटलंय," तो दारातूनच बोलला. आत यायचा धीर झाला नव्हता.

"कशाला हो म्हटलंयस?"

"धर्मबाप व्हायला."

तेन्चा मक्याचं पीठ मळत होती. तिचा हात पिठात तसाच राहिला. "काही जण म्हणजे किती?"

"सगळेच."

सगळेच म्हणजे सव्वीस. मेक्सिकन सीमेच्या अलीकडे, ब्रॉली गावाबाहेर लेट्यूस कापणाऱ्या फिलिपिनो मजुरांची ती छावणी होती. पत्र्याच्या एका लांबलचक खोलीत सव्वीस खाटा, आणि मागे स्वयंपाकघराला लागून अन्सेल्मो-तेन्चाची एवढीशी खोली. अख्ख्या छावणीत बाई अशी ती एकटी. तीही त्यांच्या बेटांवरची नाही, सोनोराच्या मेक्सिकन घरातली. आणि लहान मूल म्हणाल तर एकटी लेओनोर.

"उद्या कोण येणार आहे, आठवतंय ना तुला?" तेन्चाने विचारलं.

अन्सेल्मोने मान खाली घातली. न आठवून कसं चालेल? तेन्चाचा थोरला भाऊ क्रेसेन्सियो येणार होता. चार वर्षांपूर्वी ती अन्सेल्मोबरोबर सीमा ओलांडून मेहिकालीला गेली आणि लग्न करून परतली, त्या दिवसापासून भावाने तिच्याशी अबोला धरला होता. आई वारली तेव्हाही तिला तिऱ्हाइताकडून कळलं. मग लेओनोर झाली. वहिनी एर्लिंदाने नवऱ्याच्या मागे लागून लागून त्याच्याकडून एवढं कबूल करून घेतलं, की तो पोरीचा धर्मबाप होईल.

हे 'एवढं' काही थोडं नव्हतं. धर्मबाप आणि पोरीचा बाप हे त्या दिवसापासून एकमेकांचे कोंपाद्रे होतात, आणि हे नातं सख्ख्या भावाहून पक्कं. कोंपाद्रेशी भांडता येत नाही, त्याच्या दारावरून तोंड फिरवून जाता येत नाही. क्रेसेन्सियोने एकदा अन्सेल्मोला कोंपाद्रे म्हटलं, की तेन्चाला तिचं माहेर परत मिळालं. तीन महिने ती याच एका शब्दाची वाट पाहत होती.

"आमच्यात धर्मबाप एकच असतो रे," ती म्हणाली. "त्याला बोलावून आणायचं आणि मागे सव्वीस जणांची पलटण उभी करायची? तोंडात मारल्यासारखं होईल त्याला."

"पहिल्यांदा मानोंग तासियोंनी विचारलं," अन्सेल्मो म्हणाला. तासियो छावणीचा स्वयंपाकी, सगळ्यांत वडील, म्हणून सगळ्यांचा मानोंग, म्हणजे थोरला भाऊ. "त्यांना नाही म्हणू? आणि त्यांना हो म्हटल्यावर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणू? आमच्याकडे जितके धर्मबाप जास्त, तितकं पोर भाग्याचं."

"तुझं भाग्य मला चांगलंच कळलंय. आत्ताच्या आत्ता जा आणि सांग, उद्या कोणी यायचं नाही."

अन्सेल्मो गेला. बऱ्याच वेळाने परत आला आणि खाटेच्या कडेला बसला.

"सांगितलंस?"

"इस्त्र्या चालल्यात तिकडे," तो म्हणाला. "एकच इस्त्री आहे, तिच्यासाठी रांग लागलीय. तासियोंनी नवा टाय आणलाय. मला नाही जमलं, तेन्चा. तू सांग."

तेन्चा तणतणत निघाली. खोलीच्या दारातून तिला खुंट्यांवर टांगलेले कोट दिसले, चकाकणारे बूट दिसले, आणि नुसत्या बनियनवर बसून एकमेकांचे केस कापणारी माणसं दिसली. तिला पाहून सगळे उठून उभे राहिले. "मीठ आहे का जरा?" तिने विचारलं, आणि मूठभर मीठ घेऊन ती परत आली. नवऱ्याला नावं ठेवायला आता तिला तोंड उरलं नव्हतं.

रविवारी क्रेसेन्सियोची मालवाहू गाडी चर्चसमोर थांबली तेव्हा सव्वीस जण भिंतीच्या सावलीत उभे होते. कडक इस्त्रीचे कोट, केसांना चोपडलेलं तेल. साल एकोणीसशे अडतीस; एरवी गावातल्या लोकांना ही माणसं चिखलात वाकलेलीच दिसायची. क्रेसेन्सियो खाली उतरला. चार वर्षांत त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"कोणाचं लग्न आहे?" त्याने बहिणीला विचारलं. चार वर्षांनंतरचं त्याचं हे पहिलं वाक्य.

"लग्न नाही, दादा. लेओनोरचे धर्मबाप आहेत."

"कोण?"

"हे सगळे."

क्रेसेन्सियोने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. "म्हणजे मी सत्ताविसावा."

"तू पहिला आहेस."

"पहिल्याच्या मागे रांग नसते, तेन्चा. रांग धान्याच्या दुकानात असते." तो एर्लिंदाकडे वळला. "चल, बस गाडीत."

"मी नाही बसत," एर्लिंदा म्हणाली. तिने तेन्चाच्या हातातून बाळ घेतलं होतं आणि ते परत द्यायचा तिचा विचार दिसत नव्हता. "इतक्या लांब आलोय. तुम्हाला रुसायचंच असेल तर आत जाऊन रुसा, सावली तरी आहे."

तेवढ्यात फादर दारात आले. म्हातारे आयरिश फादर उन्हाने कायम लालबुंद असायचे आणि मोडकंतोडकं स्पॅनिश बोलायचे. त्यांनी ती सव्वीस माणसं पाहिली आणि चष्मा पुसला. "माझ्या वहीत धर्मबापासाठी एकच ओळ आहे," ते म्हणाले.

"त्या ओळीत माझ्या भावाचं नाव लिहा," तेन्चा घाईने म्हणाली. सव्वीस जणांनी माना डोलावल्या.

क्रेसेन्सियो आत गेला, पण कपाळावरची आठी घेऊनच. त्याने पोरीला धरलं, एर्लिंदा धर्ममाता म्हणून शेजारी उभी राहिली. "या बालकाच्या वतीने सैतानाचा त्याग करता का?" असं फादरांनी विचारलं तेव्हा क्रेसेन्सियोने "करतो" म्हटलं, आणि मागून सव्वीस गळ्यांनी एकदम "करतो" म्हटलं. चर्च घुमलं. लेओनोर दचकून रडू लागली. क्रेसेन्सियोच्या मानेवरची शीर ताठ झालेली तेन्चाला मागूनही दिसली.

बाहेर पडताना तो तिच्या कानाशी बोलला. आवाज चढवला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. "आईची आठवण म्हणून वहीत माझं नाव दिलं. पोरीला काही कमी पडलं तर मी आहे. पण तुझ्या नवऱ्याला मी कोंपाद्रे म्हणणार नाही. ज्याला सव्वीस कोंपाद्रे आहेत, त्याला माझी काय गरज?"

तेन्चाचे डोळे भरून आले होते, पण चारचौघांत रडायची सवय तिला नव्हती. अन्सेल्मो लांब उभा राहून दोघांकडे पाहत होता. काय झालं ते त्याला कळलं असावं. त्याचा चेहराच उतरला.

क्रेसेन्सियो पायरीवर थांबला आणि त्याचा हात खिशात गेला. बाप्तिस्मा झाला की धर्मबापाने चर्चच्या दारात पोरांसाठी चिल्लर उधळायची, हा रिवाज. राग आपल्या जागी, पण न उधळता निघून जाणारा धर्मबाप म्हणजे गावभर छी थू. घरून निघतानाच त्याने खिसा भरून आणला होता. त्याने मूठ भरली, हात उंच केला आणि नाणी उधळली.

नाणी उन्हात चमकली आणि मातीत पडली. कोणी धावलं नाही. ना आरडाओरडा, ना झोंबाझोंबी. क्रेसेन्सियोने दुसरी मूठ उधळली. तीही पडली आणि तशीच राहिली.

"पोरं कुठायत?" त्याने विचारलं.

तासियो पुढे आला. नव्या टायची गाठ त्याने जरा जास्तच आवळली होती.

"आमच्या गावीही धर्मबाप अशीच उधळतो, सेन्योर क्रेसेन्सियो," तो आपल्या बेटांवरच्या स्पॅनिशमध्ये म्हणाला. "लहान होतो तेव्हा मीही गोळा केलीत. गुडघे फुटायचे. पण इथे आमच्यात पोरं नाहीत. ही एकच."

"एवढ्या सगळ्यांत?"

"एवढ्या सगळ्यांत."

"आणि बायका? गावाकडे असतील."

"नाहीत. आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. वाटलं, दोन वर्षं राबू, घर बांधू, मग लग्न. आता पन्नाशी आली. इथल्या गोऱ्या बाईशी लग्न करायला कायद्याने बंदी. मेक्सिकन मुलीचा बाप आम्हाला दारात उभं करत नाही." एवढं बोलून गेल्यावर तासियोला आपण कोणाशी बोलतोय ते आठवलं. तो ओशाळला. "माफ करा. तुम्हाला नाही म्हणालो."

"मलाच म्हणालात," क्रेसेन्सियो म्हणाला.

त्याने मातीतल्या नाण्यांकडे पाहिलं. मग त्याने सव्वीस जणांकडे पाहिलं, पण या वेळी मघासारखी नजर फिरवली नाही. एकेका चेहऱ्यावर थांबत गेला. कोणी पंचविशीतला होता, कोणाचे कानशिलापाशी केस पिकले होते. सगळे एर्लिंदाच्या हातातल्या बाळाकडे बघत होते.

क्रेसेन्सियोने बायकोकडून लेओनोरला घेतलं आणि तासियोपुढे धरलं.

तासियो एक पाऊल मागे सरला. "नको, नको. मला नाही येत."

"तीन महिने एका छपराखाली राहता, आणि घेतलं नाहीत?"

"लांबून बघतो. हात खरखरीत आहेत. आणि कसं धरतात ते ठाऊक नाही."

"मग धर्मबाप कसले हो तुम्ही?" क्रेसेन्सियो खेकसला, पण त्या खेकसण्यात राग उरला नव्हता, आणि हे तेन्चाइतकं तिथे दुसऱ्या कोणाला कळणार होतं? लहानपणी तिला पोहायला शिकवताना तो असाच खेकसायचा. "हात पुढे करा. हा डोक्याखाली. हा इथे. घट्ट नको, कोबीचा गड्डा नाही तो. आता श्वास घ्या."

तासियोने श्वास घेतला. पोर त्याच्या टायकडे टकामका बघत राहिली, आणि पन्नाशीच्या त्या माणसाच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

मागच्यांनी न सांगता ओळ धरली. कोणी रुमालाने हात पुसले, कोणी कोटालाच पुसले. आता सगळा गोंधळ होणार या भीतीने अन्सेल्मो पुढे धावला. "द्या, मानोंग, इकडे द्या तिला. दमली असेल."

क्रेसेन्सियोने मागे न बघताच त्याला हाताने अडवलं.

"थांब जरा, कोंपाद्रे," तो म्हणाला. "अजून पंचवीस जण आहेत."

तेन्चा चर्चच्या पायरीवर बसली आणि चारचौघांत रडू लागली.