खंडेनवमीचं गंध

देवस्थळी सर आईच्या दिवसांना आले नाहीत. डबीसाठी आले. फोनवर त्यांनी "ती डबी घरात आहे का?" एवढंच विचारलं, मी "आहे" म्हटलं. आणखी काही विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत आई त्यांच्या हाताखाली डिटेक्टर बनवायची. नखाएवढ्या सिलिकॉनवर सोन्याची दोन पानं आणि त्यांच्यामध्ये नायोबियम नायट्राइडचा पूल, केसाच्या जाडीचे हजार भाग करावेत, त्यातल्या एकाएवढा. भयंकर थंडीत हा पूल विजेला अजिबात अडवत नाही. ताऱ्यांमधल्या ढगांतून आलेली टेराहर्ट्झ लहर पडली की किंचित तापतो आणि अडवू लागतो. बोटातल्या नुसत्या विजेनेही जळतो.

शेवटच्या चिपवर तिने पूल आणखी आखूड केला होता. सर न मोजताच म्हणाले, "भंगारात टाका. राजश्रीबाई, निवृत्तीला आलात, आता कसले प्रयोग?" ती चिप एका डबीत घालून आई रत्नागिरीला आली. आता परदेशात कुणी तसाच पूल करून त्यावर निबंध छापला होता. आपल्या प्रयोगशाळेत तो आधीच झाला होता हे सरांना जगाला दाखवायचं होतं, आणि त्यासाठी ही चिप मोजायला हवी होती.

ओटीवर बसून त्यांनी मनगटाला पट्टा बांधला आणि त्याची वायर पंपाच्या पाइपला जोडली. अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून. आईच्या फोटोकडे अजून पाहिलं नव्हतं.

"निबंधावर नाव कुणाचं?" मी विचारलं. ते अडखळतील अशी माझी खात्री होती.

"राजश्रीबाईंचंच. पहिलं. चूक माझी होती, मृणाली."

या उत्तराची तयारी मी केली नव्हती. डबी पुढे सरकवली. त्यांनी ती उघडली.

चिपच्या मधोमध वाळलेलं गंध होतं, त्यावर अक्षता.

"हे कुणी केलं?"

"आईने. गेल्या खंडेनवमीला."

विळी, कोयता, पक्कड मांडून शेजारी तिने चिप ठेवली होती. मी म्हटलं होतं, "अगं, बोट लावायचं नाही असं तूच म्हणायचीस ना?"

"तुझ्या हाती दिली तर सुपारी फोडशील तिच्यावर, म्हणून म्हणायचे." मग गंधात बोट बुडवत म्हणाली, "चालू यंत्राला लावायचं नाही. हिला सरांनी भंगार ठरवलंय. भंगाराला कसली भीती?"

सर भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

"पण त्यांना माहीत होतं, की..."

"होतं. धुऊन निघेल?"

"गंध निघेल. पण बोट लागलं तेव्हाच पूल जळला." त्यांनी पट्टा सोडला, वायर नीट गुंडाळली. "मग निबंधच नाही. नावाचा प्रश्न उरत नाही."

जाताना ते फोटोसमोर थांबले. हात जोडावेत की नाही, ते त्यांना ठरवता आलं नाही.

डबी मी पुन्हा विळीशेजारी ठेवली. पुढच्या आठवड्यात खंडेनवमी आहे. घरात वर्षभर सण नाही.