अखंड चाळीस मिनिटं

मंगळवारी सकाळी बाबा खुर्च्यांना कापड चढवत होते. घरच्या नव्हेत, गिऱ्हाइकाच्या. सहापैकी चार झाल्या होत्या. बाबांचा धंदाच तो, सोफे आणि खुर्च्या उसवून पुन्हा नव्या करायचा. काम करताना ते सात-आठ बारीक खिळे ओठांत धरून ठेवत, त्यामुळे त्यांना असंच काही विचारावं लागे ज्याचं उत्तर मानेनं देता येईल.

"चहा ठेवलाय."

मान हलली.

"गुडघा दुखतोय का?"

मान हलली नाही. म्हणजे दुखत होता.

"रविवारी क्लबची सभा आहे," मी म्हणाले. "अध्यक्षांनी घड्याळाचा विषय घेतलाय."

बाबांनी खिळे तळहातावर काढले. "माझ्यासाठी घेतला असेल तर काढून टाका म्हणावं."

"तुमच्यासाठी कशाला? सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी असता तर चौदा वर्षांत कधी ना कधी निघाला असता. मी हरलो म्हणून निघालाय. हरलेल्याच्या मापाचा नियम शिवायचा नसतो, बाईसाहेब."

क्लबची मी सेक्रेटरी, म्हणून बाईसाहेब. घरात एरवी मी नुसती 'अगं' होते.

"आणि नियमच चुकीचा असेल तर?"

"मग मी जिंकलो असतो तरी चुकीचाच होता की. तेव्हा बोलली असतीस?"

मला खरं तर दुसरंच काही सांगायचं होतं. तीन आठवडे ते माझ्या जिभेवर येत होतं आणि परत जात होतं.

"बाबा."

"हं?"

"चहा गार होतोय."

"होऊ दे. तुला आज वाचनालय उघडायचं नाही का? लोक दारात ताटकळले असतील, ज्ञानाला तहानलेले." एवढं बोलून त्यांनी खिळे परत ओठांत घेतले. वाचनालयाच्या दारात सकाळी फक्त वर्तमानपत्रांवरून भांडणारे दोन म्हातारे असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी मी परतले तेव्हा पाचवी खुर्ची झाली होती. जेवताना आम्ही नळाच्या गळतीविषयी बोललो. बुधवारी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं असं डॉक्टर म्हणाले, आणि त्रास झाला नसणार, असंही. सहावी खुर्ची गिऱ्हाईक तशीच, उघडी, घेऊन गेलं.

मला काय सांगायचं होतं, ते समजायला खेळ थोडा समजायला हवा. आमच्या क्लबात स्ट्रेट पूल खेळतात, बिलियर्ड्ससारखा, कापड चढवलेल्या टेबलावर काठीने बॉल मारून खिशांत पाडायचा. यात कोणताही बॉल कोणत्याही खिशात पाडा, फक्त आधी सांगून पाडा. प्रत्येक बॉलचा एक गुण. पंधरापैकी चौदा पडले की पंधरावा आहे तिथेच ठेवायचा, ते चौदा लाकडी त्रिकोणात पुन्हा रचायचे आणि पुढे चालू. याला रॅक लावणं म्हणतात. चुकत नाही तोवर खेळणारा खेळत राहतो. समोरचा खुर्चीत बसून राहतो, आणि जमलं तर सभ्य चेहरा करून बसतो. बाबांना खेळातलं हेच आवडायचं. ते म्हणत, हा एकच खेळ असा आहे की ज्यात समोरच्याचं चांगलं चाललेलं मुकाट्याने बघावं लागतं.

वार्षिक स्पर्धेत आठ जागा. सात ठरलेल्या असतात, आठवी पात्रता फेरीतून. पूर्वी या फेरीत प्रत्येकाला तीन संधी मिळत आणि घड्याळ नसे. मग चौदा वर्षांपूर्वी चाळीस नावं आली. टेबलं दोनच. एका सभासदाने तीन संधींना सव्वातीन तास लावले, आणि शेवटच्या नऊ जणांना न खेळताच घरी जावं लागलं. त्यांतल्या एकाने क्लबचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. तेव्हा नियम करायचं ठरलं आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पुस्तकांत असते. मी लिहिलं: 'प्रत्येक खेळाडूस पहिल्या फटक्यापासून अखंड चाळीस मिनिटे टेबल मिळेल. त्या वेळात एकदाही न चुकता सलग पाडलेल्या बॉलांची सर्वांत मोठी संख्या ग्राह्य धरली जाईल.'

'अखंड' हा शब्द माझा. मला तो फार आवडला होता.

बाबांनी तेव्हाच विचारलं होतं, "रॅक लावताना कोण खेळत असतं गं?"

"कुणीच नाही."

"मग तो वेळ कुणाचा?"

"सगळ्यांना सारखाच लागू आहे ना, बाबा."

"सारखा कसा? जो जास्त पाडेल त्याचे रॅक जास्त. म्हणजे चांगलं खेळण्याचा दंड. आणि लावणाऱ्याचा हात जड असला की संपलंच."

मी म्हणाले की इतका कीस काढायला लागलो तर नियम कधीच होणार नाही. ते हसले आणि खिळे ओठांत घातले. नंतर कधी त्यांनी तो विषय काढला नाही. घड्याळ नसताना ते चार वेळा पात्र ठरले होते. घड्याळ आल्यावर एकदाही नाही. त्यांना प्रत्येक फटक्याआधी टेबलाभोवती एक फेरी मारायची सवय होती, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तर ती फेरी म्हणजे मिरवणूकच झाली होती.

या वर्षी मात्र त्यांनी जय्यत तयारी केली. दोन्ही टेबलांना नवं हिरवं कापड त्यांनीच चढवलं. दुपारी काम आटोपून रोज दोन तास सराव. "एकोणसत्तरीला आलो," म्हणाले, "एकदा चांगल्या माणसासमोर खुर्चीत बसायचंय. हरायला बसेन हवं तर. पण बसायचंय."

पात्रता फेरीत रॅक लावणं आणि घड्याळ धरणं ही कामं सभासद पाळीपाळीने करतात. सकाळी क्लबातल्या दंतवैद्य डॉक्टरांची पाळी खेळायची आणि बाबांची रॅक लावायची. डॉक्टर चपळ. दात उपटावा तसा बॉल पाडून मोकळे. आणि बाबांचं रॅक लावणं म्हणजे बघत राहावं असं. कापड ताणणारी बोटं ती. मागून एकदा दाबायचे, त्रिकोण उचलायचे, की बॉल एकमेकांना चिकटून बसलेले. डॉक्टरांनी सलग एकोणसत्तर पाडले. दिवसभरात त्याच्या जवळपास कुणी गेलं नाही.

बाबांचा नंबर दुपारी, शेवटचा. तक्त्यावर त्या वेळेला माझं नाव होतं. मी अध्यक्षांना बाजूला घेतलं. अध्यक्षांची लाँड्री आहे, सगळ्या भानगडी इस्त्री करून टाकायची त्यांना सवय.

"मला बदला," मी म्हणाले. "बापलेकीला एका टेबलावर ठेवू नका."

"तुझ्या प्रामाणिकपणावर कोण बोट ठेवणार?"

मागच्या बाकावर डॉक्टर आणि त्यांचे दोन मित्र बसले होते. त्यांतला बसड्रायव्हर म्हणाला, "अहो, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पण इथं आपला तो बापच निघाला." सगळे हसले. बाबाही हसले. ड्रायव्हरच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

बाबांचा पहिला प्रयत्न एकोणिसावर चुकला. दुसरा सुरू झाला आणि टेबल त्यांच्या हातात आलं. मी इतक्या वर्षांत त्यांना असं खेळताना पाहिलं नव्हतं. फेऱ्याही कमी झाल्या. दुखऱ्या पायावर भार देऊन वाकत होते आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हते. चौदा पडले. मी रॅक लावायला पुढे झाले, आणि मला पाठीवर ते तीन जण जाणवले.

मी बॉल लावले. त्रिकोण उचलला. दोन बॉलांमध्ये केसाएवढी फट होती. दुसऱ्या कुणासाठी लावत असते तर ती मला दिसलीही नसती. मी सगळे सारखे केले, परत दाबले, वाकून बाजूने बघितलं, परत लावले. अठ्ठावीसला तेच. बेचाळीसला तेच. बाबा क्यू, म्हणजे खेळायची काठी, उभा धरून थांबत. घड्याळ चालू असे. छप्पन्नला मी दोनदा उचललं आणि दोनदा ठेवलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, "छान लागलाय हं."

अडुसष्टवर चाळीस मिनिटं झाली. टेबलावर तीन बॉल होते. त्यांना दोन हवे होते. तिन्ही असे की एखाद्या नवख्यानेही पाडले असते. ते फटक्यासाठी वाकलेलेच होते.

मी घंटा वाजवली.

ते सरळ झाले, गुडघ्यावर हात ठेवून. डॉक्टरांशी हात मिळवला. डॉक्टर भला माणूस. त्याच आठवड्यात घरी आले आणि म्हणाले, "काका, माझी जागा तुम्ही घ्या. मला लाज वाटते."

बाबा म्हणाले, "डॉक्टर, दुखत नसलेला दात काढू नये. घंटा वाजली ती वाजली."

मी आत चहा करत होते. बाहेर येऊन सांगता आलं असतं. मी कप नेऊन दिले.

रविवारची सभा बाबांमुळे पुढे गेली आणि तेराव्या दिवसानंतरच्या रविवारी भरली. बावीस सभासद आले. टेबलांवर कव्हरं घातलेली, खुर्च्या भिंतीला. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग अध्यक्षांनी प्रस्ताव वाचला: रॅक लावताना घड्याळ थांबवावं.

"काकांची आठवण म्हणून हा एकमताने मंजूर करू या," ते म्हणाले. "म्हातारा माणूस, पाय दुखत होता, तरी अडुसष्टपर्यंत आला. आपण एवढं तर करू शकतो."

"करायलाच हवं," ड्रायव्हर म्हणाला.

डॉक्टर उठले. "मला वाईटपणा घ्यायचा नाही. काकांबद्दल माझ्या मनात काय आहे, ते सांगायला नको. पण ते स्वतः इथं असते तर हेच बोलले असते. ते हळू खेळायचे. गुडघ्यामुळे आणखी हळू. हळू खेळायला कुणाची ना नाही, पण त्याची किंमत ज्याची त्याने द्यायची. आपण आज दयेपोटी नियम बदलला तर उद्या कुणाची पाठ दुखेल, परवा कुणाचा चष्मा. स्पर्धा मग महिनाभर चालू दे."

"ते तसं बरोबर आहे," कुणीतरी म्हणालं.

"हळू तर होतेच," अध्यक्ष म्हणाले. "प्रेमाने म्हणतोय मी. हळू होते."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू लिहून घे. काका सावकाश खेळत, त्यांच्या स्मरणार्थ, असं काहीतरी. तुला शब्द सुचतात."

माझ्यासमोर इतिवृत्ताची वही होती. हातात पेन होतं. प्रस्ताव मंजूर झाला असता तर बाबांची कीव करून, आणि नामंजूर झाला असता तर बाबांना दोष देऊन. दोन्हीकडे वाक्य एकच होतं, बाबा हळू होते, आणि ते माझ्या अक्षरात क्लबच्या कपाटात कायमचं राहणार होतं. वहीखाली पात्रता फेरीच्या दिवसाचे वेळेचे कागद होते. शेवटचा बॉल पडला ती वेळ आणि पुढचा फटका झाला ती वेळ, असे दोन रकाने आम्ही एका जुन्या भांडणापासून भरत आलो आहोत. ते कागद कुणी वाचत नाही. मी वाचले होते, फेरीच्या दुसऱ्याच दिवशी, वाचनालयात, दार लावून.

मी उभी राहिले. टेबलाच्या कडेला हात टेकला.

"मला बोलायचंय. सेक्रेटरी म्हणून नाही."

"बोल ना," अध्यक्ष म्हणाले. "बस हवं तर."

"डॉक्टर, तुमचे सात रॅक बाबांनी लावले. सगळे मिळून एक मिनिट पन्नास सेकंद. बाबांचे सहा मी लावले. सहा मिनिटं दहा सेकंद."

डॉक्टरांनी कागदासाठी हात पुढे केला. मी दिला.

"माझा हात जड नाही," मी म्हणाले. "वीस सेकंदांत लावते मी, तुमच्या सगळ्यांसाठी लावलेत. त्या दिवशी मी सावकाश लावले. बाबांना पाडायला नाही. तुम्ही मागे बसला होतात, आणि मुलीने बापाला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणू नये म्हणून. तुम्ही तसं म्हणणार नव्हता बहुधा. ती भीती माझी होती."

ड्रायव्हर खाली बघत होता. मला त्याला सांगायचं होतं की तुझं काही चुकलं नाही, पण थांबले असते तर पुढचं राहून गेलं असतं.

"बाबा चांगले खेळले त्या दिवशी. त्यांना दोन बॉल हवे होते. चार मिनिटांत त्यांनी दोन काय, आठ पाडले असते. ती चार मिनिटं मी माझं नाव स्वच्छ ठेवायला वापरली. घड्याळ थांबवायचं असेल तर माझ्यासारख्यांसाठी थांबवा, बाबांसाठी नको. त्यांना कळलं होतं. माझे हात त्यांनी बघितले होते. ते बोलले नाहीत, आणि मग तीन आठवडे आम्ही एका घरात जेवलो, आणि मीही बोलले नाही. बाबा, माझी चूक झाली. तुम्ही हरला नव्हता."