झिपरूचं जपानी

"आते देखा, ती पोर घर सोडी चालनी," झिपरू म्हणाला आणि खोलीतले सगळे टीव्हीकडे सरकले.

सामरवरणी गावातल्या कामगारांच्या चाळीत, झिपरूच्या खोलीत, रविवारी दुपारी ही बैठक ठरलेली. केबलवाल्या कल्पेशने डिशच्या छत्रीचं तोंड कुठे वळवलं कोण जाणे, पण दिवसभर जपानी कार्टून दाखवणारं एक चॅनेल लागू लागलं होतं. भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती. झिपरूला मात्र कळते, असं चाळीचं म्हणणं. नुसते चेहरे बघून तो अशी गोष्ट रंगवायचा की शेजारच्या भिमाबाई पदराने डोळे पुसायच्या. धुळ्याकडून आलेल्या साध्या मशीनवाल्याला असा मान दुसरीकडे कुठे मिळणार होता?

खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, मंजुळाबाईला, ठाऊक होतं. सुताच्या फॅक्टरीतल्या मशीनने झिपरूचे कान खाल्ले होते, त्याला आता काही ऐकू येत नव्हतं. तिने नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नव्हती, लग्नापासून नुसतं "आयकं का?" आता त्या हाकेचा उपयोग उरला नव्हता, म्हणून ती त्याच्या कोपराला बोट लावायची. लोकांच्या ओठांवर नजर ठेवून त्याने आजवर नोकरी रेटली होती. बहिरा माणूस मशीनवर ठेवत नाहीत, सरळ गावी पाठवतात. आणि आज खोलीत त्याचा सुपरवायझर सदाशिव आला होता. बसला तोही नेमका पाठीमागे, ओठ दिसणार नाहीत असा. झिपरूच्या जिवाला चैन नव्हतं. सारखी मान वळवत होता, गुडघा हलवत होता आणि कुणी काही विचारू नये म्हणून जास्तच बोलत होता.

"तिना बाप बोटवर गया," तो सांगत सुटला. "तो आते येवाव नही. म्हनीसन ती रडी राहिनी."

भिमाबाईंनी डोळे पुसले नाहीत. त्या टीव्हीकडे बघत राहिल्या, मग झिपरूकडे. स्टोव्हपाशी मंजुळाबाईचा हात थांबला. कार्टून आज हिंदीत बोलत होतं. डोळ्यांत पाणी आणून ती मुलगी म्हणत होती, "पिताजी कल घर आ रहे हैं!"

मंजुळाबाई तरातरा उठली आणि तिने टीव्हीचा आवाज पार बंद केला. "माले हिंदी नही समजत," ती सगळ्यांना म्हणाली. "आपले हाईच बरं."

झिपरूने तिच्या ओठांवर 'हिंदी' वाचलं आणि भिमाबाईंच्या कोरड्या डोळ्यांकडे पाहिलं.

सदाशिव उठला. दाराकडे न जाता तो झिपरूच्या समोर येऊन बसला आणि तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "पुढे काय झालं, झिपरूभाऊ?"

असा तो याआधी कधीच बोलला नव्हता. झिपरूला शब्दन् शब्द कळला. उद्या मशीनचं काय, ते मात्र त्या ओठांवर दिसत नव्हतं.

कोपराला बोट लागलं आणि मंजुळाबाईचे ओठ आवाजाविना हलले, 'बाप घर ई राहिना.' झिपरूने पडद्याकडे पाहिलं आणि मघाशी बोटीवर पाठवलेल्या बापाला तो घरी आणू लागला.