डाव्या टोकाची खुर्ची

शांतव्वाच्या डाव्या कानानं सात वर्षांपूर्वीच काम सोडलं होतं आणि उजवाही आता सोडायच्या बेतात होता. कबनूरच्या एका यंत्रमाग कारखान्यात ती एकतीस वर्षं मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत होती. शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग एकदम चालायचे. तिथं कुणी कुणाशी तोंडानं बोलत नाही. हातानं खुणा करतात, नाहीतर समोरच्याचे ओठ वाचतात. इचलकरंजीच्या डॉक्टरांनी कान तपासून सांगितलं, "उजवा अजून दोन-तीन वर्षं साथ देईल. मशीन लावा." तिनं लावलं. बोलणं कळायला लागलं, पण गाणं सुरू झालं की मशीनमधून पत्रा घासल्यासारखा आवाज यायचा. म्हणून गाण्याच्या वेळी ती मशीन काढून डबीत ठेवायची आणि रेडिओ उजव्या कानाला चिकटवायची.

तिला नाट्यसंगीताचं वेड होतं. घरात कुणी गाणारं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की माग दुरुस्त करणारे जॉबर आण्णा टेप लावायचे, आणि एकाएकी पसरलेल्या त्या शांततेत ऑर्गनचा पहिला सूर यायचा. त्या सुरानं तिला धरलं ते सोडलंच नाही. तरी वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत तिनं समोर बसून एकही संगीत नाटक पाहिलं नव्हतं. कधी कारखान्यातली पाळी आडवी यायची, कधी घरातलं दुखणं.

त्या महिन्यात कोल्हापुरात 'संगीत पैंजणवाट' नावाच्या नव्या नाटकाचा प्रयोग लागला. एका सांस्कृतिक संस्थेचं पन्नासावं वर्ष होतं. रविवारी दुपारी चार वाजता. जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलं होतं : सर्व जागा सर्व रसिकांसाठी खुल्या. पुढच्या रांगा दोनशे रुपये, मागच्या शंभर. जो आधी येईल, त्याला आवडीची खुर्ची.

तिचा मुलगा संगमेश यानं मोबाइलवर बघितलं. "अव्वा, हितं पुढच्या पाच रांगा बंद दाखवत्यात. बाल्कनी घेऊ का?"

"बाल्कनीत बसून मी काय माणसांची डोस्की मोजू?" शांतव्वा म्हणाली. "खिडकीवर जातो मी. मला पयली रांग पायजे, डाव्या टोकाची खुर्ची. तिथं बसलं की उजवा कान सरळ रंगमंचाकडं हुतोय. ऑर्गनबी त्याच अंगाला असतोय म्हनं."

"आनि न्हाय मिळाली तर?"

"पयल्या नंबरला हुबी ऱ्हायल्यावर कशी न्हाय मिळंल?"

तिकीटविक्रीच्या दिवशी तिनं पहाटेची पहिली एसटी धरली आणि सातच्या आत नाट्यगृहाच्या खिडकीसमोर उभी राहिली. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पाऊण तासानं तिच्या मागं एक उंच, किडकिडीत गृहस्थ येऊन उभे राहिले. कसबा बावड्याच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, अंबादास कुलकर्णी. त्यांनी जाहिरातीचं कात्रण घडी घालून खिशात ठेवलं होतं.

"तुम्ही इतक्या लांबून आलात?" त्यांनी विचारलं.

"पुढं बसायचं म्हंजे लांबनंच यावं लागतंय, गुरुजी."

शांतव्वानं त्यांना अर्धी भाकरी दिली. नऊ वाजेपर्यंत रांग फाटकाच्या बाहेर गेली होती.

खिडकी उघडली. आत वल्लरी नावाची एक तरुण मुलगी बसली होती. तिच्या पुढ्यात आसनांचा छापील तक्ता होता, ज्याला तिकीटवाले प्लॅन म्हणतात. शांतव्वानं काचेला नाक लावून बघितलं. खिडकीवर अजून एकही तिकीट विकलं गेलं नव्हतं आणि पहिल्या पाचही रांगांवर तांबड्या पेन्सिलीच्या फुल्या पडलेल्या होत्या.

"अ रांग, एक नंबर," शांतव्वा म्हणाली.

"मावशी, त्या राखीव आहेत. सहावी रांग देऊ?"

"कुणासाठी राखीव?"

"निमंत्रितांसाठी. देणगीदार, पाहुणे…"

"माझ्या आदी कोण आलंतं हितं?"

"कुणी नाही, मावशी."

"मग ह्या फुल्या कुणी मारल्या?"

वल्लरी हळूच म्हणाली, "मला तसाच तक्ता दिलाय हो. मी काय करणार?"

"तुझ्याव राग न्हाय, पोरी. ज्यानं दिलाय त्येला बोलीव. तवर मी हलत न्हाय."

मागं कुरबुर सुरू झाली. "ओ मावशी, घ्या की मिळतंय ते!" "आम्हाला कामं हायत!" शांतव्वाला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ती उभी राहिली.

दहा मिनिटांनी संस्थेचे कार्यवाह मोहित सरनोबत आले. चाळिशीचे, इस्त्रीचा कुर्ता, ओठांवर सरावाचं हसू.

"काय झालं मावशी? कशाला त्रास करून घेताय?" त्यांनी खिशातून दोन पास काढले. "हे घ्या. बाल्कनीचे. पैसे नकोत."

"मी पैसं घिऊन आलोय, पावणं. फुकटचं नगं. मला पुढची खुर्ची पायजे."

"त्या रांगा राखीव असतात. सगळीकडे असतात."

"मग तसं छापायचं हुतं की. गुरुजी, वाचा ते."

अंबादासांनी कात्रण काढलं. आवाज कापत होता, पण त्यांनी सगळं वाचलं. "सर्व जागा सर्व रसिकांसाठी खुल्या," हे वाक्य तर दोनदा. मागची कुरबुर थांबली. कुणीतरी म्हणालं, "आयला, खरंच हाय की हे."

मोहितरावांनी शांतव्वाला कोपऱ्यात बोलावलं. ती खिडकी सोडेना, तेव्हा तेच तिच्याजवळ वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, अ रांगेतली एक नंबरची खुर्ची तुम्हाला देतो. तुम्हाला एकटीला. आत्ता सहावीचं तिकीट घ्या, प्रयोगाच्या दिवशी मला भेटा, मी बसवतो. फक्त हा तमाशा बंद करा."

ते हळू बोलले होते, पण तिनं त्यांचे ओठ वाचले. शब्द न् शब्द कळला. क्षणभर तिचा जीव त्या खुर्चीकडं धावला. तीच रांग, तेच टोक. आणखी दोन वर्षांनी कान राहील की नाही कुणी सांगावं? नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

तिनं मागं वळून बघितलं. अंबादास कात्रणाची घडी घालत होते. त्यांच्या मागं दोन शिक्षिका, एक रिक्षावाला, बायकोचा हात धरून उभा राहिलेला एक म्हातारा.

"मला एकटीला चोरून दिलासा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तर ते तिकीट न्हवं, तोंड दाबायची सुपारी हाय. द्यायचं तर हितं, खिडकीवर, सगळ्यांम्होरं. ती फुली खोडून."

मोहितरावांचं हसू गेलं. "मी पोलिसांना बोलवू का?"

"बोलवा की! त्यास्नीबी जाहिरात वाचाय दिऊ."

रांगेत हशा पिकला. मोहितराव तरातरा आत गेले आणि त्यांनी शेजारची दुसरी खिडकी उघडायला लावली. "ज्यांना तिकीट पाहिजे त्यांनी इकडे या! त्या बाईंना उभं राहू दे दिवसभर!"

रांग हलली. ती अख्खी रांग आपल्याला वळसा घालून जाणार हे शांतव्वाला दिसलं, तरी तिनं कट्ट्यावरचे हात काढले नाहीत. दुसऱ्या खिडकीवर पहिले होते अंबादास. उभ्या जन्मात हेडमास्तरांपुढं आवाज न चढवलेला माणूस. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "अ रांग. दोन नंबर."

"अहो सर, ती राखीव…" त्या खिडकीतला माणूस म्हणाला.

"मला अ रांगेतलीच पाहिजे. तोपर्यंत मीही इथेच आहे."

मागची शिक्षिका म्हणाली, "मला तीन आणि चार." रिक्षावाला ओरडला, "आपल्याला पाच नंबर! स्टँडवर गिऱ्हाईक थांबलंय, पण थांबू दे तिकडं!" म्हाताऱ्यानं बायकोकडं बघितलं, तिनं मान हलवली, आणि त्यानं सहा-सात मागितले. रांगेतला प्रत्येक जण आपापला नंबर सांगायला लागला. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या आणि एकही तिकीट विकलं जात नव्हतं.

साडेअकरापर्यंत हे चाललं. मोहितराव आत फोनवर फोन करत होते. शेवटी बाहेर येऊन, कुणाच्याही डोळ्यांत न बघता त्यांनी वल्लरीला सांगितलं, "पहिली रांग राहू दे. दुसरीपासून खुलं कर."

वल्लरीनं खोडरबर घेतला. तांबडी पेन्सिल सहज निघत नव्हती, कागदावर गुलाबी डाग पसरला. पण ती घासत राहिली. "ब रांग, एक नंबर. चालेल, मावशी?"

पहिली रांग मिळाली नव्हती. शांतव्वाला ते खुपलं. तरी चार रांगा मोकळ्या झाल्या होत्या आणि मागं माणसं उन्हात उभी होती. तिनं दोनशे रुपये सरकवले. "दे. पयल्या रांगंचं बगू नंतर."

रविवारी चारला नाट्यगृह भरलं. फक्त पहिली रांग रिकामी होती. तिच्या दोन्ही टोकांना दोरीनं बांधलेल्या पाट्या : निमंत्रितांसाठी. पाहुण्यांची वाट बघत पडदा वीस मिनिटं थांबला. प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले तेव्हा कुठं तिसरी घंटा झाली.

शांतव्वानं मशीन काढून डबीत ठेवलं आणि उजवा कान पुढं केला. ऑर्गनचा सूर आला. टेपवरचा नव्हे, रेडिओतला नव्हे. लाकडातून, हवेतून, तिच्यापासून चार हातांवरून आलेला. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. पण नायिका गायला लागली आणि शांतव्वाला कळलं की वरचे सूर अर्ध्या वाटेतच विरतायत. तिच्यात आणि रंगमंचात रिकाम्या खुर्च्यांची एक रांग होती. तेवढंच अंतर जास्त होत होतं.

पहिला अंक संपला तरी पाहुण्यांचा पत्ता नव्हता. मध्यंतरात शांतव्वा उठली, पुढं गेली. पाटीची दोरी सोडून तिनं ती पाटी खाली ठेवली आणि अ रांगेतल्या एक नंबरच्या खुर्चीवर ठाण मांडून बसली. अंबादास क्षणभर घुटमळले, मग तिच्याकडं बघून हसत दोन नंबरवर आले. त्यांच्यामागून शिक्षिका आल्या. म्हातारा बायकोला घेऊन आला. घंटा व्हायच्या आत पहिली रांग भरली.

दुसरा अंक रंगात आला असताना मोहितराव बॅटरीच्या उजेडात पाच-सहा पाहुण्यांना घेऊन आले. भरलेली रांग बघून थबकले. मग शांतव्वाजवळ वाकले.

"उठा. ताबडतोब उठा."

शांतव्वानं मान वळवली नाही. ते खांद्याजवळ आले, आवाज वाढला. तिनं कानावर बोट ठेवलं आणि डबी उघडून आतलं मशीन त्यांना दाखवलं.

"मला ऐकू येत न्हाय, पावणं. गानं सपल्याव बोला."

"अहो, पण—"

"शूऽऽ!" मागून चारशे माणसांचा आवाज आला. रंगमंचावरच्या नटीनं आलाप न तोडता एक नजर खाली टाकली. पाहुण्यांपैकी एका पोक्त गृहस्थांनीच मोहितरावांचा हात धरला आणि मागं जाण्याची खूण केली. शेवटी त्यांची सोय बाजूच्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर झाली.

शांतव्वानं तीन पदं पुरती ऐकली. चौथ्यात नटी वरच्या सप्तकात गेली आणि सूर नाहीसा झाला. नुसतं उघडलेलं तोंड दिसत होतं. पण इतक्या जवळून ओठ स्पष्ट दिसत होते आणि ती ओठ वाचत पुढं गेली. तबल्याचा ठेका पायाखालच्या फळीतून तळव्यांत येत होता. सूर परत खाली उतरला तेव्हा ती बरोबर त्याच शब्दावर होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला सवड नव्हती.

प्रयोग संपला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. पायरीवर मोहितराव तिची वाटच बघत उभे होते. वल्लरी शेजारी उरलेली तिकीटपुस्तकं घेऊन उभी होती. शांतव्वानं आधी मशीन कानात बसवलं.

"तुम्ही आमची शोभा केलीत," मोहितराव म्हणाले. "लक्षात ठेवीन मी."

"ठेवा की. मीबी ठेवीन. नाटक मातर झ्याक हुतं. नटीला सांगा, कबनूरच्या बाईनं सांगितलंय म्हनून."

मोहितराव काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात अंबादास पुढं झाले. या वेळी आवाज कापला नाही. "पुढच्या प्रयोगाचा प्लॅन कधी उघडतोय, तेवढं सांगा फक्त."

मोहितरावांनी तोंड फिरवलं. वल्लरीनं त्यांच्याकडं बघितलं, मग शांतव्वा आणि अंबादासांकडं.

"सोळा तारखेला," ती म्हणाली. "सकाळी नऊला. आणि तक्ता कोरा असेल, मावशी. मी स्वतः लावणार आहे."

"मग मी सातला येतो," शांतव्वा म्हणाली.

"मी साडेसहाला," अंबादास म्हणाले.

"असं कसं? पयला नंबर माझा हाय, गुरुजी!"

आणि दोघं तावातावानं भांडत स्टँडकडं चालायला लागले.