अनंताचं पान

पाठीवरचं ओझं भिंतींना घासू नये म्हणून अँटन दुर्गाघाटाच्या गल्लीत तिरका चालत होता. समोरून गाय आली तेव्हा तो सवयीने एका ओट्यावर चढला आणि ती गेल्यावर उतरला. काठमांडूच्या लॉजवर बरोबरच्या भटक्यांना त्याने सांगितलं होतं, तुम्ही खोल्या शोधा, बनारसला माझं घर आहे.

वैद्यांच्या दाराची कडी वाजवून त्याने मराठीतच हाक मारली.

"आनंदीबाई, मी आलो."

काही वर्षांपूर्वी तो कोपनहेगनहून संस्कृत शिकायला आला, तेव्हा याच घराच्या वरच्या खोलीत राहिला होता. टायफॉइडमध्ये आनंदीबाईंनी त्याला आपल्या हाताने पेज भरवली. अँटन हे नाव त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी त्याला अनंता केलं. त्यांच्या मुलीशी, पद्माशी, त्याचं लग्न ठरलं तेव्हा निम्म्या गल्लीने या घराशी बोलणं सोडलं. विधवा आनंदीबाई तरी बधल्या नाहीत. लग्नाच्या तोंडावर तो चार दिवस डोंगर बघून येतो म्हणून नेपाळला गेला. तिथून बँकॉक, मग जावा, मग जपान. कळवायचं राहून गेलं.

दार पद्माने उघडलं. त्याला पाहताच तिने त्याचा दंड धरून आत ओढलं आणि दाराला अडसर घातला.

"गलीत कोणी पाहिलं?"

"नाही. का?"

"तुम्ही वारलात," पद्मा म्हणाली. पूर्वी ती त्याला अरेतुरे करत असे. "नेपाळात, दरड कोसळून. आईने मोहल्ल्यात तसंच सांगितलंय."

अँटन हसला. ती हसली नाही.

"पळून गेला म्हटलं असतं तर दारात कोणी उभं राहिलं नसतं. मेला म्हटल्यावर सगळे आले. ज्यांनी बोलणं टाकलं होतं, तेसुद्धा रडले." तिने अडसर पुन्हा चाचपून पाहिला. "माझं आता जमलंय. श्रीनिवास, बँकेत आहे. त्याच्या घरचे म्हणाले, बेचारीचा काय दोष."

"मी आईंना समजावून सांगतो. मी परत आलोय, पद्मा."

"किती दिवस?"

त्याने खांद्यावरचा पट्टा सारखा केला. दिल्लीहून काबूलला जाणाऱ्या बसमध्ये त्याची जागा धरलेली होती. पद्माने मान वळवली.

जिन्यावरून आनंदीबाई खाली आल्या. केस सगळे पांढरे झाले होते. त्या खालच्या पायरीवर थांबल्या आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"वाळलास," त्या म्हणाल्या. "हातपाय धू. जेवून घे."

अँटनने इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओझं निवांतपणे खाली ठेवलं.

"आई, नको ना," पद्मा म्हणाली.

"भुकेला आलाय. तू मधे बोलू नकोस."

घराच्या आतल्या चौकात नळावर त्याने तोंड धुतलं. आनंदीबाई पुन्हा वर गेल्या आणि वाढलेलं पान दोन्ही हातांवर तोलत घेऊन आल्या. खीर, वडे, आमसुलाची चटणी, भाताची मूद. सगळं गार होतं आणि भाताचं वरचं शीत वाळलं होतं, पण चव तीच होती. त्याने भराभर खाल्लं. पद्मा भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"आज काय आहे?" त्याने तोंडात घास असतानाच विचारलं. "सण?"

"पितृपक्ष."

त्याचा हात थांबला.

"गुरुजी सगळं उरकून गेले," आनंदीबाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळपासून तुझ्या नावाचं पान गच्चीवर ठेवलंय. एक कावळा फिरकला नाही. गेल्या साली असंच झालं, त्याच्या आदल्या सालीही. लोक विचारतात, याचा जीव कुठे अडकलाय. मी काय सांगू?"

"आई, मी..."

"खा. पानात काही टाकू नकोस. मग घाटाकडच्या दाराने जा."

त्याने पद्माकडे पाहिलं. तिने वळून पाहिलं नाही. त्याचं ओझं मात्र तिने उचललं आणि मागच्या, घाटाकडच्या दाराशी नेऊन ठेवलं.

आनंदीबाई पानासमोर बसल्या. पदर डोक्यावरून घेऊन त्यांनी हात जोडले, आणि त्याने पुढचा घास उचलायची वाट पाहू लागल्या.